माननीय आरोग्यमंत्री, वय सतरा

४ एप्रिल
वसतिगृह, खोली १४

आत्या,

पोचले. फोन पहिल्याच दिवशी एका कापडी पिशवीत जमा झाले, म्हणून हे पत्र. शिबिरप्रमुख सर रोज कागद आणायला तुमच्या सभागृहाच्या इमारतीत येतात, त्यांच्याच हाती पाठवते आहे. तूही त्यांच्याकडेच उत्तर दे, म्हणजे दुसऱ्या दिवशी मिळेल. एकाच शहरात असून आपण एकमेकींना पत्रं लिहितोय हे बाबांना कळलं तर ते आठवडाभर पुरवून पुरवून हसतील.

राज्यभरातून आम्ही पंचाहत्तर जण आलोय, सगळे अकरावी-बारावीचे. दोन आठवडे एक खोटं राज्य चालवायचं. मंत्रिमंडळ, विरोधी पक्ष, अध्यक्ष, सगळं आहे. शिबिरातले दोघे सगळ्यांचं बोलणं लिहून घेतात, तू खऱ्या सभागृहात घेतेस तसं. जेवणाच्या हॉलमधली बाकं सरकवून सभागृह केलंय. पंखा एकच आहे आणि तो सत्ताधारी बाकांवर फिरतो, त्यामुळे विरोधकांचा राग खरा आहे. कोण काय होणार ते चिठ्ठ्यांवर ठरलं. माझ्या चिठ्ठीत निघालं आरोग्यमंत्री. मी उगाच घसा खाकरून सगळ्यांकडे पाहिलं.

मग सरांनी खात्याखात्यांचे कागद वाटले. हे कागद खरे आहेत, आत्या. खऱ्या खात्यात ज्यांच्यावर विचार चाललाय असे मसुदे सर सरावासाठी मागून आणतात. माझा असा आहे: ज्या प्रसूतिगृहांत वर्षाला शंभरपेक्षा कमी बाळंतपणं होतात ती बंद करावीत आणि तिथल्या परिचारिका जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवाव्यात. मागे सदतीस नावांची यादी आहे. बाविसावं आईचं.

मी सरांना म्हटलं, मला खातं बदलून द्या. ते म्हणाले, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, आणि न पटणारी बाजू मांडता यावी म्हणूनच तुम्हाला इथे आणलंय. शुक्रवारी मला हा प्रस्ताव मंजूर करून घ्यायचाय. हरले तर सरकार पडेल आणि आमच्या बाकांवरची पोरं उरलेले दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. तू एकतीस वर्षं मंत्र्यांची भाषणं लिहून घेतेस. काय करू ते सांग. आईला यातलं काही कळवलेलं नाही.

तुझी
भिंगरी


६ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र सरांनी कॅन्टीनमध्ये माझ्या चहाशेजारी ठेवलं आणि 'मंत्र्यांकडून आलंय' म्हणाले. खऱ्या मंत्र्यांकडून मला आजवर एकही पत्र आलेलं नाही, तेव्हा जपून ठेवते.

आमच्याकडे अधिवेशनाचा सतरावा दिवस. दहा मिनिटं खाली बसून लिहायचं, मग जिना चढून ते टाईप करायचं, तोवर पुन्हा आपली पाळी. मनगटाला डॉक्टरांनी पट्टा दिलाय. लिहिताना तो काढावा लागतो, म्हणजे हवा असतो नेमका तेव्हाच नसतो. निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि सगळे मला विचारतात, पुढे काय करणार. मी म्हणते, गप्प बसणाऱ्या माणसांच्या सहवासात राहणार.

आता तुझं. आकडे सांगणारा मंत्री उभा राहिला की मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होतात. माझी मान खाली असते तरी मला ते कळतं, कारण कुजबूज थांबते. पण तोच मंत्री 'परवा मला एक बाई भेटली' असं म्हणाला की सगळे कान टवकारतात. ती बाई खरी असतेच असं नाही. तुझी मात्र खरी असू दे, खोट्याची सवय या वयात नको.

आणि तुला हे पटत नसेल, तर उभी राहिल्यावर आधी तेच सांग. हे काम माझ्या वाट्याला चिठ्ठीने आलंय, माझी आई अशाच प्रसूतिगृहात परिचारिका आहे, असं सरळ बोलून मोकळी हो. मग काय हवं ते मांड. एवढं केलंस की तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.

आत्या


१० एप्रिल

आत्या,

जिंकले. एक्केचाळीस विरुद्ध तेहतीस.

सुरुवात तू सांगितलीस तशीच केली. म्हटलं, हे खातं मला चिठ्ठीने मिळालंय, यादीतलं बाविसावं प्रसूतिगृह माझ्या आईचं आहे, माझा जन्म तिथेच झाला आणि ते बंद व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. तरी आज मी सरकारची बाजू मांडणार आहे. मग थोडे आकडे सांगितले, आणि मग तुझी ती बाई. मी म्हटलं, एकोणीस वर्षं लहान प्रसूतिगृहात काम करणारी एक परिचारिका मला म्हणाली, 'खाटा दोन आणि मी एकटी. परवा एक बाई कळा देत होती आणि माझा उभ्या उभ्या डोळा लागला. असं चालवण्यापेक्षा बंद केलेलं बरं.'

ओळखलंस ना. आई हे खरंच म्हणाली होती, गेल्या महिन्यात, कामावरून आल्या आल्या, दाराशी बसून चपलेचा पट्टा सोडता सोडता. जसंच्या तसं सांगितलं मी. आमच्या विरोधी पक्षनेत्याला सगळे जिराफ म्हणतात. त्याने हातातला उत्तराचा कागद घडी करून खिशात घातला. टाळ्या थांबेचनात. मला आनंद झाला, फार झाला, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. नंतर जेवताना मात्र ताट अर्धं टाकून उठले.

सोबत त्या दिवसाचा वृत्तांत पाठवते आहे, आमच्या दोघा लेखकांनी हाताने लिहिलेला. सरांना तो शिबिराच्या पुस्तिकेत छापायचाय. ते म्हणाले, तुझ्या आत्यांनी एकदा नजरेखालून घातला तर आमचे भाग्य. 'आमचे भाग्य' हे शब्द त्यांचे आहेत. दमली नसशील तर बघ.

भिंगरी


१३ एप्रिल

भिंगरी,

दमलेली आहेच, पण हे काम करताना जरा बरं वाटलं. तुमच्या लेखकांपैकी एकाचं अक्षर सुरेख आहे आणि दुसऱ्याने डॉक्टरच व्हावं. दोघांनी मिळून एकही वक्ता सोडलेला नाही, याला आमच्याकडे सहा वर्षं लागतात.

अकरा पानं झाली. शनिवारी कार्यालयात कुणी नव्हतं तेव्हा टाईप करून टाकली, आमच्या साच्यात, समास-बिमास सोडून. आमच्या पद्धतीने थोडी छाटछूट केली: खोकले, 'म्हणजे काय आहे की', जिराफाचे दोन विनोद. सर पानं पाहून इतके खूश झाले की म्हणाले, एक प्रत आरोग्य खात्यालाही पाठवतो, मसुदा त्यांनीच दिला होता, तेवढीच रीत. मी म्हटलं, पाठवा, तिथे कोण वाचतंय.

तुझं भाषण चांगलं होतं. मी रोज जी ऐकते त्यांतल्या निम्म्यांहून चांगलं. एकच सांगते. घरी गेलीस की आईला तूच सांग. तिचं बोलणं तिच्याआधी दुसऱ्यांनी ऐकलंय, ते तिला दुसऱ्यांकडून कळायला नको.

आत्या


२२ जून

आत्या,

अडीच महिन्यांनी लिहिते आहे. फोन करता आला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं, आणि आई पलीकडेच आहे.

मी तिला सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता शाळा सुरू झाली. मला वाटलं, शिबिर संपलं तसं तेही संपलं.

गेल्या सोमवारी प्रसूतिगृहात खात्याचा एक जाड लिफाफा आला. सदतीस प्रसूतिगृहं बंद करण्याचा प्रस्ताव, लोकांच्या हरकती घेण्यासाठी महिनाभर फलकावर लावा. तिथल्या प्रमुख परिचारिकेने लावायचा, म्हणजे आईनेच. तिने चार टाचण्या मारून तो लावला. ती जे लावते ते आधी वाचते, तुला माहीतच आहे. शेवटी परिशिष्ट 'क' होतं, 'युवा प्रतिनिधींशी झालेला विचारविनिमय'. त्यात माझं भाषण आहे, आत्या. तू टाईप केलेली पानं. शिबिराचं, चिठ्ठीचं कुठे नाव नाही. आणि मधोमध आईचं वाक्य.

ती घरी आली, नेहमीसारखे कोपरापर्यंत हात धुतले आणि पुसता पुसता विचारलं, हे तू कुणाला सांगितलंस. मी म्हटलं, ते सगळं खोटं खोटं होतं, शिबिरातलं. ती म्हणाली, 'बरं.' त्याला आज आठवडा झाला. जेवायला वाढू का, बरं. बाबा पंपघरावर जाताना काही म्हणाले, बरं. तिचं ओरडणं मला सोसतं, हे 'बरं' सोसत नाही. बंद झालं तर तिला जिल्ह्याला जावं लागेल, बसने जायला दोन तास, यायला दोन. कळा देणाऱ्या बायांनाही तीच बस. आणि तिच्या मैत्रिणींनी फलक वाचलाय. एकोणीस वर्षं कोण आहे इथे, हे कुणाला सांगावं लागत नाही.

पण मी लिहिते आहे ते वेगळ्यासाठी. माझ्या भाषणाची सुरुवात त्यात नाही. चिठ्ठी, आई, मला पटत नाही, ते काहीच नाही. भाषण थेट आकड्यांपासून सुरू होतं. वाचणाऱ्याला वाटेल की मी हे मनापासून बोलले. खात्यातल्या कुणीतरी मुद्दाम कापलंय. तू तिथेच आहेस, कोण ते शोधून काढ.

भिंगरी


२७ जून

भिंगरी,

तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. ही फाईल सांभाळणारा कारकून सरळ माणूस आहे, गळ्यात चष्म्याच्या दोन जोड्या असतात आणि तिसरी शोधत असतो. त्याच्या नमुन्यात एक रकाना आहे: युवकांचे मत घेतले काय, घेतले असल्यास पुरावा जोडावा. पाच महिने तो रकाना रिकामा होता आणि त्यापायी फाईल तीनदा परत आली होती. तेवढ्यात त्याच्या टेबलावर अकरा स्वच्छ पानं आली, सभागृहाच्या साच्यातली, समास सोडलेली. त्याने पुस्तिकेचं वेष्टन काढलं, पानं जोडली आणि त्या दिवशी वेळेवर घरी गेला. तो म्हणतो, इतका नीटनेटका वृत्तांत खोट्या राज्याचा असेल असं कुणाच्या मनात येईल.

कापण्याबद्दल त्याला विचारायचं राहिलं, फार गर्दी होती. पुढच्या आठवड्यात बघते. पावसाळी अधिवेशन सुरू झालंय आणि मी फार थकले आहे. वहिनीला जप.

आत्या


४ जुलै

आत्या,

काल सरांशी बोलले. त्यांना वाईट वाटलं, ते दोनदा तसं म्हणाले. खात्याला दिलेली प्रत तुझ्याकडून आली तशीच दिली, असं ते म्हणतात. हाताने लिहिलेला वृत्तांत अजून त्यांच्या कपाटात आहे. त्यात माझी सुरुवात आहे, चांगल्या अक्षरवाल्याने लिहिलेली, साडेसात ओळी. त्यांनी मला वाचून दाखवली.

मग ती कुठे गेली? तुला विचारते आहे, आणि सरळ उत्तर दे. सतरा तारखेला जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी आहे. आई जाणार आहे. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

भिंगरी


८ जुलै

भिंगरी,

ते मी कापलं.

या नोकरीत पहिल्या आठवड्यात मला शिकवलं होतं, वक्ता उभा राहून आधी स्वतःबद्दल जे बोलतो ते घ्यायचं नाही. आभार, तब्येत, घरचं. वृत्तांत मुद्द्यापासून सुरू होतो. एकतीस वर्षांत मी किती जणांचे आजार, किती जणांच्या मुलींची लग्नं, किती जणांच्या आया गेल्याचं सांगणं असं काढून टाकलंय, ते आता मोजता येणार नाही. तुझ्या साडेसात ओळी आल्या, पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारली आणि पुढे गेली. मीच तुला बोलायला सांगितलेलं मीच खोडतेय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. हाताला सवय होती, डोकं शनिवारचं घरी गेलं होतं.

तुझं जूनचं पत्र वाचलं तेव्हा कळलं. मागच्या पत्रात गर्दी होती म्हणाले ते खोटं. कारकून एकटाच होता, डबा खात होता. मला तोंड उघडवलं नाही. मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

आमच्याकडे चूक झाली तर लिहिणाऱ्याने स्वतःच्या नावाने शुद्धिपत्र काढायचं असतं. मी आजवर एकही काढलेलं नव्हतं आणि त्याचा मला ताठा होता. हे काढलं. आमचे प्रमुख म्हणाले, हा आपल्या सभागृहाचा वृत्तांतच नाही, त्याचं शुद्धिपत्र कसलं. मात्र कार्यालयाचं यंत्र वापरल्याबद्दल खुलासा द्या. तो दिला. आरोग्य खातं म्हणालं, वृत्तांत आम्ही केलेला नाही म्हणून तो आम्हाला दुरुस्त करता येत नाही. पण वापरता येतो. शेवटी त्या कारकुनाने माझा कागद परिशिष्ट 'क'च्या पाठीला टाचून दिला, आणि चहा पाजला.

वहिनीला वेगळं पत्र लिहिलंय. उत्तर आलेलं नाही, आणि का यावं. सुनावणीत कुणी काही विचारलं तर खुशाल माझं नाव घे. यात तुझी चूक नाही.

आत्या


२० जुलै

आत्या,

तुझं शेवटचं वाक्य मी बारा दिवस उशाशी घेऊन झोपले. आता काय झालं ते सांगते, मधे काही सोडत नाही.

शाळेला दांडी मारून आईबरोबर गेले. ती नको म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून झोपली. कचेरीतल्या खोलीत चाळीस खुर्च्या होत्या, माणसं वीस. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंची ती आठवड्यातली पाचवी सुनावणी होती. प्रत्येकाचं नाव विचारताना त्या बोटांनी कपाळ चोळत होत्या. आमचा क्रमांक आला तेव्हा त्यांनी तुझं शुद्धिपत्र मोठ्याने वाचलं, सगळं, तुझ्या सहीसकट. खोलीत कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणजे ही मुलगी स्वतःचं मत मांडत नव्हती, नोंद घेते. मग त्यांनी पान उलटलं आणि आईचं वाक्य वाचलं. म्हणाल्या, मुलीचं मत बाजूला ठेवू, पण ही परिचारिका तर खरी आहे ना, आणि ती स्वतःच बंद करा म्हणतेय.

आई उभी राहिली. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, घडी विस्कटलेली बाही नीट केली. माझ्याकडे बघितलं नाही.

"ती मी. डोळा लागला होता हे खरं आहे, मी नाकारत नाही. बंद केलेलं बरं, असंही म्हणाले. पण मी तिथे थांबले नव्हते. नाहीतर माझ्या जोडीला आणखी एक बाई द्या, असं म्हणाले होते. तेच मी सहा वर्षं लिहून देतेय. ते वाक्य इथे कसं नाही?"

बाईंनी कागद वरखाली केले. तुझं शुद्धिपत्र पुन्हा पाहिलं. त्यात ते नव्हतं, कारण ते तू कापलेलंच नाहीस. तुझ्याकडे ते आलंच नव्हतं.

ते मी कापलं होतं, आत्या. भाषण लिहिताना, खोली चौदामध्ये. आई दाराशी बसून दोन्ही म्हणाली होती, एका दमात. मी आधी दोन्ही लिहिलं. वाचून पाहिलं तर 'आणखी एक बाई द्या' आलं की सगळा जोर निघून जात होता, जिराफाला आयतं उत्तर मिळालं असतं. मग खोडलं. आणि तुला लिहिलं, जसंच्या तसं सांगितलं. तुझी रेघ सवयीने गेली. माझी विचार करून गेली होती. तू सगळं खापर स्वतःवर फोडून घेतलंस, आणि मी बारा दिवस ते तसंच राहू दिलं.

मी उभी राहिले. मी म्हटलं, "ते वाक्य मी गाळलं. मला जिंकायचं होतं." तीन महिन्यांपूर्वी पाऊण तास बोलले होते, त्या दिवशी एवढंच बोलता आलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि पेन ठेवलं. रागावल्या नाहीत. दमलेल्या वाटल्या.

निकाल असा: आमच्या प्रसूतिगृहाचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला. तोवर आहे तसं चालू. म्हणजे खाटा दोन आणि आई एकटी. परत येताना ती बसमध्ये झोपली नाही, पण बोललीही नाही. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "गाळायच्या आधी मला विचारायचं होतंस." मी म्हटलं, तू नको म्हणाली असतीस. ती म्हणाली, "हो. म्हणूनच."

भिंगरी


२५ जुलै

भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला बरं वाटलं की कापणारी मी एकटी नव्हते, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. तू उभी राहिलीस ते चांगलं केलंस. आमच्या सभागृहात असं वाक्य मी एकदाही लिहून घेतलेलं नाही. एकदाही नाही.

आता कामाचं बोलू. सहा महिने पुढे ढकललं की फाईल कपाटात जाते, आणि बाहेर येते तेव्हा आत जो कागद असतो त्यावरच निर्णय होतो. बोललेलं राहत नाही. तेव्हा वहिनीचं म्हणणं तिच्या सहीने पंधरा दिवसांत त्या अधिकारी बाईंकडे पोचायला हवं. ती स्वतः लिहायला बसणार नाही, तिला वेळ कुठे आहे. तू तिच्या तोंडून घे. आणि मला पाठवू नकोस. मी हात लावणार नाही.

वहिनीचं पत्र आलं, अडीच ओळींचं. लिहिते, 'वन्सं, झालं ते झालं. मनगट जपा. बाकी भेटल्यावर.' मी ते कार्यालयात वाचलं आणि मग जरा वेळ बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

आत्या


३ ऑगस्ट

आत्या,

काल रविवार होता, आईला सुटी. दुपारी जेवणं झाल्यावर मी कोरे कागद घेऊन टेबलाशी बसले आणि तिला म्हटलं, सांग. ती म्हणाली, काय सांगू. मी म्हटलं, सगळं. ती म्हणाली, सगळं लिहिशील? कंटाळलीस तरी? मी म्हटलं, हो.

मग ती सांगत गेली. पाण्याचा नळ कुठल्या वेळी बंद असतो ते. एकाच वेळी दोन बाया आल्या की कुणाचा हात धरायचा हे ती कसं ठरवते ते. सहा वर्षांत दिलेल्या अर्जांच्या तारखा, तिला सगळ्या पाठ आहेत. मधेच म्हणाली, ती कुकरची शिट्टी झाली का बघ, तेही मी लिहिलं. तिने पाहिलं आणि हसली, जूनपासून पहिल्यांदा. म्हणाली, एवढं नको. मी तिला विचारून ते खोडलं.

चार पानं झाली. पाचव्यावर ती म्हणाली, 'आम्हाला तिथे आणखी एक बाई हवी आहे, कारण' आणि थांबली. मला वाटलं शब्द शोधतेय, म्हणून वर पाहिलं नाही. बराच वेळ झाला तेव्हा पाहिलं. हनुवटी हातावर, डोळे मिटलेले, श्वास संथ चाललेला.

कारण काय ते मला माहीत होतं. तुलाही माहीत आहे. वाक्य पुरं करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि मी ते चांगलं केलं असतं. मी पेन खाली ठेवलं आणि ती उठेपर्यंत बसून राहिले.

भिंगरी